पैसं आमचं, वही तुमची

दिवेलागणीची वेळ होती. एक अनोळखी नंबर दोनदा वाजून बंद पडला, तिसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला. "वहीवाल्या ताई का?" पलीकडे बाईचा आवाज, मागे शेळ्या ओरडत होत्या. माण तालुक्यातल्या एका गावातून काकू बोलत होत्या, तिथल्या बचत गटाच्या कोषाध्यक्ष. मी बचत गटांच्या हिशोबाचं एक ॲप करते. महिन्याचा हप्ता, अंतर्गत कर्ज, व्याज, हजेरी, दंड, इतिवृत्त, सगळं त्यात लिहिता येतं. बायका त्याला ॲप म्हणत नाहीत, वही म्हणतात. वर्षाची वर्गणी २९९ रुपये. "पैसं भरल्यात ताई, आन् वही उघडंना. उद्या मीटिंग हाय." आवाजात राग नव्हता, धास्ती होती. बारा जणींचे पैसे ज्या वहीत आहेत ती वही उघडत नाही म्हटल्यावर कोषाध्यक्षाची झोप उडणारच.

बोलता बोलता उलगडा झाला. वर्गणी भरताना काकूंचा भाचा पुण्याहून आला होता. त्याने काकूंच्या फोनमध्ये स्वतःचं खातं टाकून पैसे भरले, आणि सुट्टीला पुन्हा आला तेव्हा ते खातं काढून घेतलं. म्हणजे दुकानाच्या, गूगलच्या प्ले स्टोअरच्या, दप्तरी गिऱ्हाईक भाचा. काकू तिथे कुणीच नाहीत. माझ्या दप्तरी तर दोघेही नाहीत, कारण मला दिसतो तो मुख्यतः एक लांबलचक ऑर्डर क्रमांक, तारीख आणि रक्कम. कुणी पैसे भरले, कुठल्या गटाने, ते मला कळत नाही. सातशेच्या आसपास गट माझं ॲप पैसे देऊन वापरतात आणि त्यातल्या ज्यांनी आपणहून फोन केला तेवढेच मला माहीत आहेत. मी काकूंच्या गटाचा क्रमांक विचारून माझ्या बाजूने वर्षभरासाठी वही उघडून दिली. पाच मिनिटांत काम झालं. मग त्या मोकळ्या आवाजात म्हणाल्या, "पुढल्या वर्साला मी तुमालाच फोनपे करते. ह्योच नंबर हाय न्हवं?"

"नको काकू, तसं चालत नाही," मी म्हटलं.

"का वो? पैसं आमचं, वही तुमची. मधी कोन?"

मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही, पण ते उत्तर नव्हतं एवढं नक्की. फोन ठेवल्यावर भात लावला, जेवले, रात्री कॉम्प्युटर उघडला आणि काम करता करता तेच वाक्य पुन्हा पुन्हा येत राहिलं. मधी कोन.

खरं तर काकूंना "हो, करा" म्हटलं असतं तर नियम मोडला असता का, हे मला त्या क्षणी छातीठोकपणे सांगता आलं नसतं. ॲपच्या आत बाहेरून पैसे भरण्याकडे नेणारं बटण, लिंक किंवा साधं वाक्यसुद्धा ठेवायचं नाही, हे पक्कं माहीत होतं. पण ॲपच्या बाहेर, फोनवर, एका काकूंशी बोलताना? नियमावलीचं ते पान मी तीनदा वाचलंय. ॲपबाहेर गिऱ्हाईकाशी काय बोलायचं यावर बंधन नाही, असाच त्याचा अर्थ लागतो. तरी तोंडातून "चालत नाही" आलं, ते भीतीने. त्या भीतीला कारण आहे. मागे एकदा ऐन मार्चअखेरीला, गटांचे वार्षिक हिशोब चालू असताना, माझ्या एका अपडेटला दुकानाने नकार दिला. कारण म्हणून एका धोरणाचं नाव आलं होतं, त्यात आपलं नेमकं काय चुकलं ते नव्हतं. मी विचारलं, उत्तर आलं. पुन्हा विचारलं, तेच उत्तर शब्दाला शब्द पुन्हा आलं. तिसऱ्यांदाही तेच. मदतीच्या पानावर माझा फोन नंबर होता आणि त्याखाली लिहिलं होतं, "पैसे भरताना अडचण आल्यास फोन करा." अंदाजाने मी ते वाक्य काढलं आणि अपडेट पुन्हा पाठवलं. ते मंजूर झालं. वाक्यामुळे अडलं होतं की आणखी कशामुळे, मला आजही माहीत नाही. मधले अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांत व्याजाच्या बेरजेतली एक चूक दुरुस्त होऊन माझ्याकडे तयार पडली होती आणि गावोगावच्या बायका चुकीच्या आकड्याशी झगडत होत्या. काकूंना माझा नंबर ॲपमध्ये मिळाला नाही, बचत गटांसाठीच्या सरकारी 'उमेद' अभियानाच्या गावातल्या कार्यकर्त्या, सीआरपी ताई, त्यांच्याकडून मिळाला, तो यामुळेच.

मी वाढले त्या घरात "मधी कोन" हा प्रश्न नवा नव्हता. आण्णा दोडका लावायचे. वाळवा तालुक्यातली काळी जमीन, मांडवावर चढलेले वेल, पहाटेच्या दवात काढलेला माल बांबूच्या करंड्यांत भरायचा, वर पाला, त्यावर सुतळी. संध्याकाळी टेम्पो यायचा आणि माल रातोरात वाशीच्या मार्केटला जायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ड्रायव्हर आडत्याची, म्हणजे तिथे माल विकून देणाऱ्या दलालाची, हिशोबाची पट्टी आणून द्यायचा. पातळ पिवळट कागद, कार्बनची जांभळी अक्षरं, त्याला डिझेलचा आणि कुजलेल्या पाल्याचा वास. वरच्या अर्ध्यात विक्री, खालच्या अर्ध्यात वजावट: आडत, हमाली, तोलाई, वाराई, मोटारभाडं. आण्णांना बारीक अक्षर दिसायचं नाही, म्हणून मी मोठ्याने वाचायची. वरचा अर्धा भाग ते कान देऊन ऐकायचे. खालचा अर्धा सुरू झाला की उठून बैलांकडे जायचे, आणि मी तशीच बसून रिकाम्या अंगणाला हमाली-तोलाई वाचून दाखवायची. शेवटचा आकडा तेवढा आई विचारायची. शेतकऱ्याच्या घरी पट्टी म्हणजे काय ते सांगायला नको. २०२३ च्या फेब्रुवारीत बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांद्याचे, सगळी वजावट जाऊन, दोन रुपयांचा चेक मिळाला होता. ती बातमी वाचताना मला आधी कार्बनची जांभळी अक्षरंच आठवली.

पण त्या आडत्याचा चेहरा मला माहीत होता. ठेंगणा, पान खाणारा, बोटात लाल खड्याची अंगठी. दिवाळीच्या आधी आण्णा मुंबईला जायचे, त्याच्या गाळ्यावरच गोण्यांवर झोपायचे, वर्षाचा हिशोब करायचे आणि येताना पुढच्या हंगामाची उचल घेऊन यायचे. एकदा तोलाई दोनदा लावली होती म्हणून आण्णा गाळ्यावर चारचौघांत ओरडले, आणि आडत्याने चाळीस रुपये खिशातून काढून दिले. माझ्या आत्याच्या लग्नाला तो आला होता आणि पंगतीत आण्णांच्या शेजारी बसला होता. तो काही देवमाणूस नव्हता. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचे त्या काळात आण्णा शेजारी उभे असायचे आणि आपल्याच मालाचा भाव त्यांना रुमाल निघाल्यावर कळायचा. तो राग त्यांनी आयुष्यभर धरला. तरी राग धरायला समोर माणूस होता.

महिन्यातून एकदा मला दुकानाची पट्टी येते. तिला वास नाही. २९९ रुपयांच्या वर्गणीतून शेकडा पंधरा, म्हणजे ४४ रुपये ८५ पैसे दुकानाचे. उरले २५४ रुपये १५ पैसे, कराचा विचार न करता. सातशे गटांचे वर्षाला दुकानाकडे जातात साधारण एकतीस हजार. एकतीस हजारांत काय होतं? शहरातल्या कंपनीसाठी काही नाही. माझ्यासाठी, आमच्या गावातली बी.कॉम. झालेली एखादी मुलगी दोन-तीन महिने फोन घ्यायला बसली असती. मार्च-एप्रिलमध्ये जेव्हा गट हिशोब मिटवतात तेव्हा दिवसाला तीस-तीस फोन येतात आणि मी एकटी असते. जे फोन माझ्याकडून उचलले जात नाहीत त्यांत एखाद्या काकूंची मीटिंग दुसऱ्या दिवसावर आलेली असते, हे मला आता जास्तच टोचतं.

आणि पंधरा हा आत्ताचा दर. मी २०१९ ला सुरुवात केली तेव्हा तीस होता. ॲपलने २००८ साली पाचशे ॲप्स घेऊन दुकान उघडलं तेव्हा सत्तर तुमचे, तीस आमचे असं जाहीर केलं, गूगलनेही तोच वाटा धरला, आणि जगभर तोच रूढ झाला. त्या वेळी तो दर लोकांना उदार वाटला होता, हेही खरं. त्याआधी मोबाइल कंपन्या हॅलो ट्यूनच्या महिन्याच्या तीस रुपयांतला मोठा वाटा स्वतःकडे ठेवायच्या आणि गाणाऱ्याच्या हातात उरलेलं पडायचं. २०२१ साली, जानेवारीत ॲपलने आणि जुलैत गूगलने, छोट्यांसाठी तो पंधरावर आणला. वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतच्या कमाईला. दहा लाख डॉलर म्हणजे आठ कोटींच्या वर रुपये. त्या रेषेखाली माझ्यासारखे जवळजवळ सगळेच येतात. मला तेव्हा इतका आनंद झाला होता की मी आईला पेढे आणायला सांगितले. एका वर्गणीमागे हातात २०९ रुपये यायचे, ते २५४ झाले.

मी वर्गणी कमी केली नाही. आज हे लिहिताना ते लिहायलाच हवं. पंचेचाळीस रुपये वाचले ते मी ठेवले. सर्व्हरचं भाडं होतं, कोरोनात गटांच्या बैठकाच बंद पडल्या होत्या, कारणं खरी होती. पण काकूंच्या वाटणीला त्यातला एक रुपया गेला नाही. २०१६ च्या जुलैत राज्य सरकारने फळं-भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची असा निर्णय केला. त्या दिवशी पेपर वाचून दाखवल्यावर आण्णा म्हणाले होते, "पट्टीतनं गेली. आता दरातनं जाती का न्हाय ते बघाय पायजे." वजावट कागदावर कुणाच्या नावाने लिहिली आहे आणि खरी कुणाच्या अंगावर पडते, यातला फरक त्या माणसाला चौथी पास असून कळत होता. मला माझ्याच बाबतीत तो कळायला काकूंचा फोन यावा लागला.

कुणी म्हणेल, भारतात तर दुसरा मार्ग आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्ले स्टोअरच्या बिलिंग धोरणावरून गूगलला ९३६ कोटी ४४ लाखांचा दंड केला, पुढे मार्च २०२५ मध्ये अपिलात तो २१६ कोटी ६९ लाखांवर आला. या सगळ्या ओढाताणीत गूगलने भारतात आपल्या बिलिंगच्या जोडीला दुसरं बिलिंग ठेवायची मुभा दिली. ती वापरली तर शुल्क चार टक्क्यांनी कमी होतं, पंधराचं अकरा. मी कागद घेऊन बसले. अकरा टक्के म्हणजे ३२ रुपये ८९ पैसे. बाहेरचं पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे जमा करून देणारी सेवा, साधारण दोन टक्के घेतं, म्हणजे सहा रुपये. बेरीज एकोणचाळीसच्या जवळ. पंचेचाळीसमधून एकोणचाळीस वजा. एका गटामागे वर्षाला सहा रुपये वाचवण्यासाठी मी बिलिंगचा नवा कोड लिहायचा, परताव्याची भानगड सांभाळायची, पैसे अडकले तर फोन घ्यायचे. ज्यांची कमाई कोटींत आहे त्यांना ही मुभा परवडत असेल. मी कागदाची घडी करून ठेवून दिली. आणि यात सगळ्यात खुपतं ते हे की काकूंनी मला सरळ यूपीआयने पैसे पाठवले तर त्यावर कुणालाच काही द्यावं लागत नाही. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून शुल्क घेतलं जात नाही, म्हणून तर चहाच्या टपरीवरही क्यूआर लागलेला दिसतो. टपरीवाल्याला दहाचे दहा मिळतात.

दुकान काही फुकट घेत नाही, हे मला मान्य आहे, आणि कुणी दुकानाला नुसत्या शिव्या घातल्या की माझं मन राजी होत नाही. माण तालुक्यातल्या काकूंनी माझं नावही ऐकलं नव्हतं. माझ्या वेबसाइटवरून फाइल उतरवून घ्या म्हटलं असतं तर त्यांच्या फोनने आधी धोक्याची सूचना दाखवली असती, आणि भाच्याने ती बघून नको म्हटलं असतं. बरोबरच केलं असतं, कारण कर्ज देण्याच्या नावाखाली फोनमधले फोटो आणि नंबर पळवणाऱ्या ॲप्सनी आपल्याकडे किती घरं रडवली आहेत. दुकानात आहे म्हणून विश्वास आहे. रात्री दोनला मी केलेली दुरुस्ती दुसऱ्या दिवशी सातशे गावांत पोहोचते, टेम्पो लागत नाही, करंडी लागत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये फोनपेने इंडस ॲपस्टोअर सुरू केलं, बारा भारतीय भाषांत, आणि बाहेरचं पेमेंट गेटवे वापरलं तर कमिशन नाही असं सांगितलं. मी तिथेही वही ठेवली आहे. पण जे दुकान फोनबरोबर घरात आलेलं नाही, तिथपर्यंत काकूंना न्यायचं तर आधी ते दुकानच फोनवर कसं आणायचं ते समजवावं लागतं. तिथून आलेले गट मी बोटांवर मोजू शकते.

आण्णा आता चौऱ्याहत्तरचे आहेत. काकूंच्या फोनची गोष्ट मी त्यांना सांगितली तेव्हा ते कट्ट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. दर ऐकून त्यांनी मान हलवली, फारसं काही बोलले नाहीत. अमेरिकेतली केस सांगितली तेव्हा मात्र हात थांबले. फोर्टनाइट हा खेळ काढणाऱ्या एपिक कंपनीने ऑगस्ट २०२० मध्ये खेळाच्या आतच स्वतःकडे थेट पैसे भरायची सोय केली, ॲपलने खेळ दुकानातून काढला, एपिक कोर्टात गेली. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायाधीश बाईंनी सांगितलं की बाहेर पैसे भरायला जाण्याची लिंक देण्यापासून ॲपलला अडवता येणार नाही. त्यावर ॲपलने लिंक ठेवू दिली, पण त्या लिंकवरून बाहेर जाऊन जी खरेदी होईल तिच्यावर सत्तावीस टक्के लावले. एप्रिल २०२५ मध्ये त्याच न्यायाधीशांनी हा आपल्या आदेशाचा भंग आहे असं म्हणून ते शुल्क थांबवलं, आणि प्रकरण पुढे वरच्या कोर्टात गेलं. आण्णा म्हणाले, "म्हंजी बांधावर इकलेल्या मालावर बी आडत?" मी हो म्हटलं. थोडा वेळ टरफलांचाच आवाज. मग त्यांनी विचारलं, "त्येंचा गाळा कुठं हाय?" मी म्हटलं, गाळा नाही आण्णा. सगळं फोनवर, मेलवर. "मग भांडाय कुठं जायाचं?"

१ मार्च २०२४ चा शुक्रवार मला लख्ख आठवतो. शुल्क भरलं नाही म्हणून गूगलने दहा भारतीय कंपन्यांवर कारवाई केली आणि भारत मॅट्रिमोनी, शादी डॉट कॉम, नोकरी, ९९एकर्स अशी घराघरात माहीत असलेली ॲप्स प्ले स्टोअरवरून नाहीशी झाली. आमच्या क्षेत्रातल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर दुपारपासून स्क्रीनशॉट पडत होते. लग्न जुळवणारं ॲप शोधायचं आणि तिथे काही नाही. केंद्रीय मंत्री अश्विनी वैष्णव बोलले, बैठका झाल्या, चार-पाच दिवसांत ॲप्स परत आली. त्या शुक्रवारी संध्याकाळी माझं काही थकलेलं नसताना, माझा त्या वादाशी संबंध नसताना, मी दर तासाला माझं ॲप शोधून बघत होते. आहे. पुन्हा बघितलं. आहे. एवढ्या मोठ्या कंपन्यांसाठी मंत्री बोलले, ते योग्यच झालं. पण सातशे गटांची वही एका सकाळी दिसेनाशी झाली तर दिल्लीत कुणाला कळणार आहे? सीआरपी ताईंना कळेल. त्या मला फोन करतील. आणि मी तीच ती तीन सारखी उत्तरं वाचत बसेन.

काकूंना नीट उत्तर द्यायचं राहिलं होतं. म्हणून महिनाअखेरच्या रविवारी एसटी पकडून मी त्यांच्या बैठकीला गेले. देवळाच्या मंडपात सतरंजी, मध्ये पत्र्याची पेटी, तिची किल्ली एकीकडे आणि पेटी दुसरीकडे सांभाळायला. बारा जणी. हजेरी, हप्ते, मग कर्जाची मागणी. काकू फोनवर वही भरत होत्या, अंगठ्याने, जपून, आणि शेजारी लाल कापडी पुठ्ठ्याचं जुनं रजिस्टरही उघडं होतं. चहा आला तेव्हा मी सांगितलं की २९९ मधले पंचेचाळीस मधल्या दुकानाचे. एकीने लगेच हिशोब केला, "शेकडा पंधरा. वर्साला एकदाच न्हवं?" बायकांना ते फार वाटलं नाही. दुकान लागतंच की, असं दोघी-तिघींचं म्हणणं पडलं. मग कोपऱ्यातल्या एक मावशी बोलल्या, ज्या आठवडी बाजारात माळवं घेऊन बसतात. "आमी बी पावती फाडतोय की बाजारात बसायची. पर पाटी भरून माळवं न्ह्या न्हायतर चार पेंड्या न्ह्या, पावती तीच. आन् पावती फाडणारा गिऱ्हाईकाला कवा म्हनत न्हाय का ह्या बाईच्या घरी जाऊन मेथी घिऊ नगं." काकू हसल्या, मग माझ्याकडे बघून गप्प झाल्या.

मी त्यांना सांगितलं, पुढच्या वर्षी मला फोनपे करा. ॲपमध्ये काही लिहिणार नाही, पण तुम्ही विचारलंत आणि मी फोनवर सांगितलं, एवढं करायला हरकत नाही असं मला वाटतं. वर्गणी तुम्हाला २५४ पडेल. हे म्हणताना छातीत धडधडत होतं.

चहानंतर काकूंनी पेटीतून सुट्टे पैसे काढले आणि कर्ज असलेल्या एकीच्या हातावर पंचवीस रुपये ठेवले. मी विचारलं, हे कशाचे? तर तीन महिन्यांपूर्वी गटाने ठरवलं होतं, अंतर्गत कर्जावरचं व्याज शेकडा दोनवरून दीडवर आणायचं. हात वर करून ठराव झाला, दहा विरुद्ध दोन. त्या दोघींची कारणंही इतिवृत्तात लिहिली आहेत. पण वहीत व्याज दोनच लागतं, बदलता येत नाही. २०१९ मध्ये मी जेवढे गट पाहिले त्या सगळ्यांत दोनच होतं, म्हणून मी तो आकडा कोडमध्ये पक्का करून टाकला होता. मग पाच हजारांच्या कर्जावर ॲप शंभर दाखवतं, शंभर घेतात, आणि लाल रजिस्टरमध्ये पेन्सिलीने लिहून पंचवीस हाताने परत देतात. तीन महिने. मला कुणी फोन केला नाही. "तुमीच ठरावलंय म्हनल्यावर..." काकू म्हणाल्या आणि वाक्य तसंच सोडलं.

त्या रात्री एसटीतच लॅपटॉप उघडला. व्याजाच्या जागी मोकळा चौकोन, गटाने ठरवलेला दर लिहायला, आणि कुठल्या बैठकीत ठरला ती तारीख. दुसऱ्या दिवशी तपासलं, दुपारी दुकानाकडे पाठवलं. आज नववा दिवस. स्थिती: तपासणी सुरू आहे. काल रात्री काकूंचा आवाजातला निरोप आला, मागे शेळ्या: "ताई, एकीचं हप्त्याचं राहिल्यालं, त्ये आज घेटलं. वही दोनच दावती अजून. पंचवीस रुपयं हातानंच दिलं."